ओठाच्या आतला तुकडा

कोणी हे वाचलंच तर माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. पण अक्कांबद्दल दुसरं कोण लिहिणार?

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी यायचं नाही. कांदा चिरताना आम्ही पदराने डोळे पुसायचो, त्या नुसत्या मिचकावायच्या आणि वाळू गेल्यासारखं होतंय म्हणायच्या. भाकरीच्या घासाघासाला त्यांना पाणी लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिचं ताट विहिरीवरच नेऊन ठेवा." अक्कासुद्धा हसायच्या.

त्यांची आई हट्ट्याला, अक्कांच्या माहेरगावी, वारली तेव्हा मी सोबत होते. बायका गळ्यात पडून रडत होत्या. अक्का कोरड्या डोळ्यांनी आईच्या पायाशी बसून राहिल्या. दगडाची आहे, असं कोणीतरी पुटपुटलं. मलाही तसंच वाटलं होतं, हे आज कबूल करते. तेराव्याला भावाने आईची लुगडी बहिणींत वाटली, अक्कांना एकही दिलं नाही.

"तुला काहून पाहिजे? तू तर रडली बी न्हाईस."

माहेर तुटलं ते तेव्हापासून.

पुढे गिळणंच अवघड झालं, म्हणून नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची पट्टी ठेवली, ती कोरडीच निघाली. रक्तावरून नक्की होईना. खालच्या ओठाच्या आतून बारीक तुकडा काढून तपासू, म्हणजे बायप्सी करू, असं त्या म्हणाल्या. तुकडा काढला की रोग चिघळतो, म्हणत थोरले दीर उठून उभे राहिले. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"काढा बाई. मला काय झालंय ते माझ्या भावाला तरी कळू द्या."

रिपोर्ट आणायला आम्ही दोघीच गेलो. रोगाशी लढणारी शरीराची ताकदच उलटली होती आणि लाळेच्या, आसवांच्या ग्रंथी सुकवत होती. हा आजार मुळातून जाणार नव्हता. अक्कांनी कागद पिशवीत घातला आणि घरी न जाता मला हट्ट्याला नेलं. इंग्रजी मला वाचता येत नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी एसटीत घोकून पाठ केलं होतं, तेच अक्कांच्या भावाला सांगितलं. परक्या माणसासमोर एवढं मी कधी बोलले नव्हते.

तो ऐकून उठला. मग आत जाऊन स्वतःजवळ ठेवलेलं आईचं एक हिरवं लुगडं घेऊन आला. अक्कांच्या हातात देताना त्याला रडू फुटलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत अक्का म्हणाल्या, "माझ्या वाट्याचं बी तूच रड."

त्याच थंडीत आजार फुफ्फुसात उतरला आणि अक्का गेल्या.

आता कुठे मयतीला गेले आणि एखादी बाई न रडता बसलेली दिसली, की मी तिच्या शेजारी जाऊन बसते.