राहून गेलेला एक

मुलगी बघायला आलेले पाहुणे आमच्याकडं अजून तिला कागदावर काहीतरी लिहायला लावतात. अक्षर बघायचं असतं म्हणे. भोकरदनच्या शाळेत रोज फळाभर गणितं लिहिणाऱ्या बाईचं अक्षर! माझं डोकंच फिरायचं.

आधीचं स्थळ एवढ्यावरच मोडलं होतं की लग्नानंतर मी शिकवणं सोडणार नव्हते. या वेळी आईनं दम दिला होता, "तोंड उघडू नको माय." मी बिलकुल उघडलं नाही. अंबडचा मुलगा, कोर्टात कारकून, खाली मान घालून पोहे खात होता. मला तो आवडला होता, म्हणूनच जास्त धास्ती. बोलत होते ते त्याचे मामा.

"नोकरी काय, हौस म्हणून ठीक हाय. पुढं संसार हाय. घ्या, नाव-गाव लिहा इथं."

नाव-गाव बायोडाट्यात होतंच. मी रागारागानं माझी लाडकी संख्या लिहून दिली. एकपासून नऊपर्यंतचे अंक ओळीनं, आणि शेवटी परत एक. एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव. एवढी अगडबंब, तरी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही, कुणाचाही बाप आला तरी.

मामा हसले. "अरे, हे तर बालवाडीत शिकवतात!"

"मूळ संख्या आहे ती," मी म्हणाले. आईनं कपाळाला हात लावला.

मुलानं कागद ओढून घेतला. ओठ हलवत अंकांची बेरीज केली आणि हळूच म्हणाला, "बेरीज पंचेचाळीस येऊन राह्यली. म्हणजे नऊनं भाग जातो."

मेले! रागाच्या भरात शेवटचा एक लिहायचाच राहिला होता.

"गणिताच्या बाई म्हणे!" मामा भलतेच खूश झाले. माझे कान तापले. गेलं हेही स्थळ, आणि वर गणितात नापास होऊन. पण मी कागद परत घेतला, शेवटी एक लिहिला आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता बघा."

"शेचाळीस. नऊनं न्हाई, तीननंही न्हाई." त्यानं माझा बायोडाटा उलटा केला आणि मागं भागाकार मांडायला घेतले. पोहे गार झाले.

"अरे, पोरगी बघायला आलो का परीक्षेला बसलो?" मामा ओरडले. त्याचं लक्षच नव्हतं.

"सातनं न्हाई. अकरानं न्हाई. तेरानंही न्हाई." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "कुठवर करावं लागतं हे?"

"पस्तीस हजारांच्या पुढं जरा. मधल्या सगळ्या मूळ संख्यांनी."

"मंग शाळा सोडू नका तुम्ही," तो म्हणाला. "मला एकट्याला हे जमणार न्हाई."

हुश्श! छातीवरचा धोंडाच उतरला. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि आई चहा टाकते म्हणून आत जाऊन चक्क रडली.

शाळा अजून चालू आहे. मोबाइलवर हे उत्तर क्षणात मिळतं, पण आमच्यात ते बघायचं नाही असं ठरलंय. रविवारी जेवणं झाली की हे तोच बायोडाटा काढतात, चष्मा लावतात आणि विचारतात, "कुठवर आल्तो आपण?"