दोन्हीकडचे डॉक्टर

दवाखान्यात रुजू होऊन आठवडा उलटायच्या आत सिस्टरला एका गोष्टीने पछाडलं. हे डॉक्टर छाती तपासताना इतका वेळ ऐकतात तरी काय?

सिस्टर मुळातच चौकस. माहेरी थोरला भाऊ तिला 'चौकशीची खिडकी' म्हणायचा. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, केस पिकायला लागले, तरी ही खिडकी काही बंद झाली नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात तिने ढीगभर डॉक्टर पाहिले होते. नळ्या कानात घालायच्या, श्वास घ्या म्हणायचं, सोडा म्हणायचं, की झालं. हे डॉक्टर तेवढं सगळं करत आणि मग डोळे मिटून, चकती छातीवर तशीच धरून बसून राहत. कधी थोडा वेळ, कधी समोरच्याला घाम फुटेपर्यंत.

बाहेरच्या बाकावर तर याचं एक शास्त्रच तयार झालं होतं. आतून माणूस बाहेर आला की 'काय म्हणाले?' असं कोणी विचारतच नसे. 'किती वेळ ऐकलं?' असं विचारत, परीक्षेत किती मार्क पडले विचारावं तसं. चटकन सुटला तो नशीबवान. ज्याचं लांबलं, त्याच्याकडे सगळे अशा नजरेने बघत, की धडधाकट माणसाला ताप भरावा. गंमत म्हणजे डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

सगळे त्यांना 'दोन्हीकडचे डॉक्टर' म्हणत. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी शेजारच्या छोट्या चर्चमध्ये प्रवचन. हे दुसरं काम काही त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. म्हातारे पाळक वारले, तेव्हा नवे येईपर्यंत रविवारचं वाचन तेवढं करा, अशी मंडळींनी गळ घातली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या साध्या माणसाचा हा मुलगा, नाही म्हणायची सवयच नाही. नवे पाळक आज येतील, उद्या येतील, असं करता करता डॉक्टरांची काळी दाढी पांढरी झाली. मधल्या काळात त्यांनी धर्मशास्त्राच्या परीक्षा दिल्या, रीतसर दीक्षा घेतली आणि बायकोचे टोमणे खाल्ले. ती शाळेत गणित शिकवायची. "एका माणसाला दोन नोकऱ्या," ती म्हणे, "आणि घराच्या वाट्याला शून्य." पण रविवारी पहिल्या बाकावर तीच येऊन बसायची.

प्रवचन करतानाही त्यांच्यातला डॉक्टर गप्प बसत नसे. चांगलं रंगात आलेलं बोलणं मध्येच तोडून ते म्हणत, "मागच्या आजी, तुम्ही खिडकीपाशी बसा बघू, चेहरा उतरलाय तुमचा." आजी जागा बदलेपर्यंत देवाचं वचनही खोळंबायचं. दवाखान्यात मात्र उलटा कारभार. भिंतीवर वचन नाही, टेबलावर बायबल नाही, तोंडातून देवाचं नाव नाही. सिस्टरने पहिल्याच दिवशी कारण विचारलं होतं.

"इथे येणारा गोळीसाठी येतो," ते म्हणाले होते. "अंगात ताप, दंडात सुई. बिचाऱ्याला उठून जाताही येत नाही. अशा माणसाला प्रवचन देणं म्हणजे बांधून घालून गाणं ऐकवणं."

सिस्टरला हे पटलं होतं. पण ऐकण्याचं कोडं काही सुटेना.

आणि मग एका सकाळी टेलरमास्तर आले. अर्ध्या वस्तीचे कपडे त्यांच्याच हातचे. मापाची टेप कायम गळ्यात. जांघेत गाठ आली होती, ती त्यांनी बरेच महिने बायकोपासूनसुद्धा लपवली होती. एका हाताने गाठ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवत मशीन चालवायची, असा अघोरी प्रकार. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हर्निया आहे, मास्तर. ऑपरेशन करून घ्या, याच आठवड्यात. आतडं मध्ये अडकलं तर मग धावपळ करायलाही वेळ मिळायचा नाही."

मग ऑपरेशनच्या आधी हृदय बघून ठेवू म्हणून त्यांनी नळ्या कानात घातल्या. ऐकलं. डोळे मिटले. सिस्टर डोळ्यांत तेल घालून बघतच होती. डॉक्टरांचा हात हळूच घसरला आणि चकती जाऊन बसली चक्क टेपवर! टेपवर काय ऐकू येणार? इंच का सेंटिमीटर? डॉक्टर मात्र गंभीर चेहऱ्याने तसेच बसलेले, आणि इकडे मास्तरांचा रंग पार उडालेला.

"हृदय ठणठणीत आहे," शेवटी डॉक्टर डोळे उघडून म्हणाले. मास्तर मुकाट्याने शर्टाची बटणं लावून निघून गेले.

सिस्टरच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. डुलकी लागते की काय यांना? पुढच्या पेशंटच्या वेळी तिने मुद्दाम ट्रे आपटला. डॉक्टरांनी लगेच मान वळवून पाहिलं. झोप नव्हे. मग कानाने कमी ऐकू येतं? तिने दाराआडून अगदी पुटपुटत विचारलं, "चहा सांगू?" आतून उत्तर आलं, "साखर कमी." कानही शाबूत. मग आहे तरी काय हे?

आठवडा सरला तरी मास्तर हॉस्पिटलात गेले नाहीत. त्यांची बायको आली ती रडवेली होऊन, आणि डॉक्टरांकडे न जाता तिने सिस्टरलाच कोपऱ्यात ओढलं.

"ताई, तुम्ही तरी खरं सांगा. किती दिवस उरलेत यांचे?"

"अहो, काय बोलताय काय!"

"हे म्हणतात, हृदयच गेलंय. डॉक्टरांनी इतका वेळ कुणाचंच ऐकलेलं नाही. सांगवेना म्हणून ठणठणीत म्हणाले. लोकांची न शिवलेली कापडं परत केली हो यांनी. टेबलावर मरण्यापेक्षा घरात मरतो म्हणतात. आणि काल ती गाठ आत जाता जात नव्हती."

गाठ आत जात नाही म्हणजे काय, ते तिला चांगलं माहीत होतं. ती तडक आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"डॉक्टर, रागवायचं तर रागवा. त्या दिवशी मास्तरांना तपासताना चकती टेपवर होती. तुम्ही काय ऐकत होतात?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. डब्यातून साखर चोरताना पकडलेल्या पोरासारखे ते हळूच म्हणाले, "दिसलं होय तुम्हाला? ऐकत नव्हतो. प्रार्थना करत होतो. नळ्या कानात असल्या की कोणी बोलायला येत नाही. समोरच्याला कळत नाही, त्याच्यावर ओझं नाही."

"कळत नाही?" सिस्टरचा आवाज चढला. कोडं सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, तिला संतापच आला. "अहो, बाहेर बाकभर लोक तुमच्या प्रार्थनेवरून आपलं मरण मोजतायत! तुम्ही जितकं जास्त मागाल, तितका माणूस गेल्यात जमा!" आणि तिने मास्तरांची सगळी हकिगत सांगून टाकली.

डॉक्टर खुर्चीतून उठले. बाहेरच्यांना थांबायला सांगून ते चपला घालून चालूच लागले. मागोमाग मास्तरांची बायको, आणि तिच्यामागे सिस्टर. ती दवाखान्यात थांबली असती तर ती सिस्टर कसली!

दुकानामागच्या खोलीत मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मशीनवर चादर टाकलेली होती. डॉक्टर कॉटच्या कडेला बसले.

"मास्तर, तुमचं हृदय चांगलं आहे."

"तेव्हाही तेच म्हणालात."

"तेव्हा हृदय ऐकून झालं होतं. नंतर जो वेळ गेला तो..." डॉक्टर अडखळले. रविवारी हाती कागद न घेता तासभर बोलणारा माणूस, पण आता शब्द सापडेना. "तुमच्यासाठी प्रार्थना करत होतो. तुम्हाला न विचारता केली, हे चुकलंच माझं."

मास्तरांनी सावकाश मान वळवली. "माझ्यासाठी? मी तर तुमच्या चर्चची पायरीही चढलेलो नाही."

"म्हणून तर गुपचूप केली."

"आणि एवढा वेळ मागत काय होतात?"

"तुम्ही घाबरू नये, एवढंच."

मग मास्तरांच्या पोटातून हसू फुटलं आणि ते गाठ धरून कळवळले. "आई गं... हसवू नका हो! तुमचा निरोप भलत्याच पत्त्यावर गेला की!" सिस्टरही तोंड दाबून हसली. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचंही हसू ओसरलं.

"एक सांगा. ऑपरेशन साधं आहे ना? मग इतका वेळ कशाला मागावं लागलं?"

"कारण मलाच भीती वाटत होती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही टाळाल, आणि आतडं अडकेल, आणि एखाद्या दिवशी मी इथे उशिरा पोचेन. डॉक्टरला भीती दाखवता येत नाही, मास्तर. पाळकाला तर त्याहून नाही."

"माझ्यासाठी घाबरलात?"

"हो."

सिस्टरला वाटलं, आता मास्तर रडणार. पण ते कोपरावर जोर देऊन उठून बसले.

"मग घाबरायचं काम तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "मला काही ते झेपत नाही. अगं, बॅग काढ माझी."