अक्कानं श्री घातलेलं पत्र

साताऱ्याच्या बाजारात आमची अक्का भाजीला जायची ती कुसुमताईचा हात धरून. कुसुमताई आमची मधली बहीण, चांगली बावीस वर्षांची बाई. कुणी टक लावून बघायला लागलं की अक्का थांबायची आणि शांतपणे सांगायची, "ही आमची कुसुम. डोकं ठिकाणावर नसतं तिचं, पण चावत नाही. बघून झालं असेल तर वाट सोडा." बघणारा खजील व्हायचा आणि मागून पिशवी घेऊन चालणारी मी शरमेनं अर्धी व्हायचे.

आई गेली त्या वर्षी कुसुमताई बिघडली. आधी बोलणं बंद झालं, मग झोप गेली, मग आई परसात उभी आहे म्हणून ती हाका मारायला लागली. वडिलांनी औंधच्या यमाईला नवस केला, अक्कानं तिला मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्हीचा गुण सारखाच, म्हणजे काही नाही. अक्का मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. कुसुमताईला शाळेत न्यायची आणि मागच्या बाकावर बसवायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "मला उशिरा उठायची खोड आहे, सासरी कोण चालवून घेईल?" ही बाई पहाटे चारला चूल पेटवायची.

लढाईच्या दिवसांत मला पहिलं स्थळ आलं, कऱ्हाडचं. घरात असं माणूस असलं की बघण्याच्या दिवशी त्याला शेजारी नेऊन बसवत. सगळेच तसं करत. शेजारच्या काकू न्यायला आल्या, तर अक्कानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. कुसुमताईला नवं लुगडं नेसवलं, माझ्या शेजारी बसवलं, आणि कुणी विचारायच्या आधीच मुलाच्या वडिलांना सगळं सांगून टाकलं. कुसुमताईनं पोह्यांवरचं खोबरं तेवढं वेचून खाल्लं. पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला आणि ते उठले. मी अक्काला म्हणाले, तुझं झालं नाही म्हणून माझंही होऊ देत नाहीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहूनच टाकलं.

पुढचं स्थळ सांगलीचं. या खेपेला वडिलांनी शहाणपणा केला. अक्काला आणि कुसुमताईला चार दिवस औंधला आत्याकडे धाडलं आणि पाहुण्यांना सांगितलं, मला दोनच मुली, थोरली शाळेत शिकवते. मी मान खाली घालून ऐकलं. लग्न ठरलं. लग्नालाही कुसुमताई औंधलाच राहिली, अक्का तेवढी अक्षता टाकायला आली. ती आता मांडवात बोलणार म्हणून मी मंगलाष्टकांतही तिच्याकडेच बघत होते. ती बोलली नाही.

वर्षानं ती सर्व्हिस मोटारीनं सांगलीला आली, चार दिवस राहीन म्हणून. जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, तुम्ही बहिणी दोघीच ना? अक्कानं माझ्याकडे बघितलं.

"दोघीच," मी म्हणाले.

अक्का भात कालवत राहिली. दुपारच्या मोटारीनं ती परत गेली.

पुढच्या चैत्रात तिचं पत्र आलं. अशुभाच्या पत्रावर आमच्यात श्री घालत नाहीत. वाचलं की ते फाडतात आणि वाचणारा डोक्यावरून अंघोळ करतो, म्हणजे घरादाराला कळतंच. या पत्रावर ठसठशीत श्री होता. कैऱ्या यंदा बऱ्या उतरल्या, वडिलांचा खोकला कमी आहे, आणि मध्येच एक ओळ, मुदतीच्या तापानं कुसुम परवा गेली. भर बाजारात खरं सांगत सुटणाऱ्या बाईनं माझ्यासाठी त्या पत्रावर श्री घातला होता.

त्या दिवशी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू. अंघोळ केली असती तर कोण गेलं ते सांगावं लागलं असतं. मी पत्र कमरेला खोचलं आणि कैरीची डाळ वाटली. बायकांनी वाखाणलीसुद्धा. माझी मलाच किळस आली.

महिन्यानं माहेरी गेले. अक्कानं चहाचंही विचारलं नाही.

"अंघोळ केली होतीस?"

मी नाही म्हणाले. तिनं बंबात जाळ घातला, पाणी काढलं आणि मला नेसत्या लुगड्यानिशी परसातल्या दगडावर बसवलं.

"सासरी तू ती नाहीच म्हणालीस, ते मी पोटात घातलं. तुला संसार राखायचा होता. पण बहीण गेली आणि तिच्या नावानं अंघोळ नाही, हे मी चालू देणार नाही."

डोक्यावर पहिला तांब्या पडला आणि मी मोठ्यानं रडायला लागले. तो आवाज ऐकून शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या आणि विचारू लागल्या, आता आणखी कोण गेलं?

"कुणी नाही, काकू," दुसरा तांब्या भरत अक्का म्हणाली, "पत्र पोचलंच नाही सांगलीला. हिला आजच कळलं."