डब्यावरची पांढरी पट्टी

रविवार, आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेनंतरचा दिवस, लोणी भापकर. हजर: मी, माझी धाकटी बहीण वंदना, दोन खराटे, एक शिडी. गैरहजर: सिस्टरआत्या, जिचं घर आम्ही आवरायला आलो होतो.

आत्या नर्स होती. आयुष्यभर गावोगाव सुया टोचल्या, पण घरातलं एक झुरळ कधी मारलं नाही. त्याच्यावर ग्लास पालथा घालायची, चष्मा लावून निवांत बघायची, मग खाली पुठ्ठा सरकवून परसात सोडायची. "पेशंट घरी सोडला," म्हणायची.

इंदापूरच्या ऑफिसात मला डावलून दुसरीला बढती मिळाली, तेव्हा मी तक्रारींची यादीच घेऊन तिच्याकडे गेले होते. तिने मला परसात मुंग्यांच्या रांगेपाशी बसवलं. "हं, आता वाच." मी वाचायला लागले. एका मुंगीने माझ्या चपलेला वळसा घातला आणि ती पुढे गेली. आत्या म्हणाली, "बघ. इचारलं का तिनं, बाई, काय झालं म्हणून?" मला हसू फुटलं. यादी तिथेच राहिली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तिचं घर झाडताना मी भिंतीवरचं कुंभारीण माशीचं मातीचं घर उलथण्याने पाडलं. आत हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरलेल्या. बोट लावलं तर एक किंचित हलली. मी किंचाळले.

"ओरडू नगं," आत्या आतून आली. "मेल्याल्या न्हाईत त्या. भूल दिलीया."

"कशाला?"

"पोरासाठी. पोर अंड्यातनं निघंल तवा आई नसती. म्हणून ताजा डबा भरायचा, तोंड लिंपायचं आन् जायचं."

"पोराला भेटतसुद्धा नाही? कसली आई!"

"डबा भरलाय न्हवं?" ती एवढंच म्हणाली आणि माती गोळा करायला वाकली. वाकताना तिने कमरेवर हात ठेवला होता. मी म्हटलं, वय झालं.

मी दर रविवारी तिला फोन करायचे. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे. ती "व्हय, व्हय" म्हणायची. मी वहीत टिक करायचे: आत्या, ठीक. ती गेली तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं, अचानक गेली.

त्या रविवारी वंदनाने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि मला हाक मारली. खालच्या फळीवर स्टीलचे दोन मोठे डबे होते. दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने झाकणं गच्च बंद केलेली, वर आमची नावं. वंदनाच्या डब्यात यंदाच्या शेवया. माझ्या डब्यात कुरडया, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बारामतीच्या दवाखान्याचा रिपोर्ट. कॅन्सर, पसरलेला. तारीख दिवाळीच्या आधीची.

पाकिटावर तिच्या नेटक्या अक्षरात एकच ओळ होती: ओरडू नको.

मी ओरडले नाही. वंदना विचारत राहिली, "ताई, तुला ठाऊक होतं का?" आणि मी माझ्या वहीतल्या टिकच्या खुणा दिवाळीपर्यंत उलट्या मोजत राहिले.

संध्याकाळपर्यंत कपाटं झाली, भांडी झाली, गाद्यांना ऊन दाखवून झालं. मागच्या दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशीचं एक नवं घर आहे. त्याला अजून भोक पडलेलं नाही, पोर आतच आहे. चौकट खरवडणे, बाकी.