एकेका बल्बाचा हिसाब

सालेकशाच्या जंगलाकडं आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती. तिथं तेव्हा विजेचे खांब आले नव्हते. आमच्या बचत गटानं समाजमंदिरावर सोलर बसवून तिथून घरोघरी वीज द्यायचं ठरवलं, अन् बॅटऱ्या किती लागतील हे काढायचं काम माझ्याकडं आलं. मी चौथी शिकलेली. पण गोंदियाच्या मिस्त्रीनं नीट समजावलं. कोणाच्या घरी काय चालणार, किती वेळ चालणार, त्या सगळ्याची बेरीज करायची. झडीत ऊन पडत नाही, त्या दिवसांचं वेगळं धरायचं. अन् बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही, नाहीतर ती मरते.

मी घरोघरी विचारत फिरले. सोबत माझी मैत्रीण. दोघी एकाच गावच्या लेकी, एकाच टोलीत दिलेल्या. जो तो म्हणे, "एक बल्ब बस झाला, बाई." आता पाहा, पंगतीत कोणी बस म्हटलं तरी आपण एक पळी वाढतोच. इथं मात्र मी सगळ्यांचा शब्द धरला. आपलीच माणसं, खोटं कायले सांगतील? मैत्रीणही म्हणाली, "माह्या घरी त एकच लिहिजो व."

त्याच हिसाबानं बॅटऱ्या आणून बसवल्या. झडी लागली, तसे बल्ब लाल पडू लागले. एका दुपारी विरजण मागायला तिच्याकडं गेले, तर धानाच्या कोठीमागं टीव्ही सुरू. बाजूला पंखा.

"हे कधी आणलं व?"

ती हसली. "तू विचारत होती, तवाच होता. सोलर येणार म्हणून आणून ठेवला होता. चादर टाकली होती त्याच्यावर. सांगू नोको कोणाले."

"नाही सांगत व," मी म्हटलं. मग कळलं, तशा चादरी बऱ्याच घरी होत्या.

बॅटऱ्या पार उतरत राहिल्या अन् शेवटी मेल्याच. टोलीची सभा भरली. एक जण म्हणाला, "मिठाचा अंदाज अन् बॅटरीचा अंदाज एकच हाय का?" सगळे हसले. मी तिच्याकडं पाहत होते. तिनं एवढंच म्हणावं, माझ्याकडं टीव्ही होता. बाकीचे तिच्यामागून बोलले असते. मीही सांगू शकत होते, पण तिला शब्द दिला होता. ती पदराची किनार सरळ करत राहिली.

हिसाबाचं काम माझ्याकडून काढायचं का, म्हणून हात वर करायला सांगितले. तिचाही हात वर गेला.

सभा उठल्यावर ती दारात थांबली होती. "चाल ना व, सोबतच जाऊ."

"तू हो पुढं," मी म्हटलं.