घरात काय येतं?

टेंभी नाक्यावर किराणा दुकान आणि समोर सरकारी दवाखाना, एवढ्या भांडवलावर माणसाला आयुष्यभर किस्से पुरतात! रिकाम्या गोण्या तरी मी विकून टाकतो. हे मात्र नुसते साठत जातात.

स्वराज्य नुकतंच आलेलं. गरिबाला ऑपरेशन फुकट. पण गरीब कोण, हे ठरवायचं काम लेले कारकुनांकडे. माणूस सज्जन, दुपारी माझ्याकडे चहाला येणारा. येईल त्याला एकच प्रश्न, "मिळकत किती?"

*

दिवा गावचे एक म्हातारबा आले. त्यांना वाटलं, साहेब जमीनजुमला विचारतायत.

"इहिरीत अर्धा हिस्सा हाय. पन भावाशी कज्जा चालू हाय."

"अहो, त्यातून मिळतं काय?"

"तारखा!"

लेल्यांनी तो शब्दच सोडला. दुसऱ्या दिवसापासून, "उत्पन्न किती?"

*

नौपाड्यातले एक पेन्शनर. कोटाला कडक इस्त्री.

"पेन्शन सोडल्यास उत्पन्न शून्य."

"आणि मुंबईचा मुलगा पाठवतो ते?"

"ते उत्पन्न नव्हे. ते त्याच्यावरचे संस्कार!"

डॉक्टर आतून ओरडले, "लेले, मग बिल संस्कारांच्या नावानं फाडा!"

*

राघो मिठागरावर राबायचा. माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ झाली. डॉक्टर म्हणाले, आजच कापायला हवी.

लेल्यांनी विचारलं, "उत्पन्न?"

राघोची छाती फुगली. "यंदा? मिठाचं डोंगर केलं, साहेब! पलीकडची आगगाडी दिसत नाय!"

"मग तुला फुकट कसं?" लेल्यांनी नाव खोडलं.

राघो माझ्या पायरीवर येऊन बसला. "शेठ, इतकं काम केलंय म्हनून सांगलं, तरी नाय म्हनतात!"

बाई तिकडे बाकावर कण्हत होती. मी गल्ला उघडा टाकून धावलो.

"अहो लेले, ते डोंगर मालकाचे! याच्या वाट्याला नुसतं ऊन!"

"शेठ, तो स्वतःच्या तोंडानं बोललाय."

"मग तुमचा शब्द बदला! दुकानात आम्ही आवक म्हणतो."

"आवक म्हटलं की हा पुन्हा मीठच मोजणार." लेल्यांनी चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, "राघो, तुझ्या घरात काय येतं?"

"घरात? उधाणाला खाडीचं पानी येतं."

"आणि?"

"आनि ओहोटीला जातं."

लेल्यांनी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "लेले, झालं का? आणा तिला आत!"

झालं होतं. संध्याकाळी कळलं, गाठ साधी निघाली. मी लेल्यांना चहाबरोबर भजी मागवली. दोघांनी ती संपवली आणि आणखी एक प्लेट मागवली!

*

पुढे एकदा राघोची बायको स्वतःच्या पायांनी चालत आली. लेल्यांच्या टेबलावर गाडगं ठेवलं, फडकं बाजूला केलं. आत खाडीच्या चिखलातल्या निवट्या, जिवंत! एक मासा उसळून थेट दौतीपाशी पडला. शुद्ध शाकाहारी लेले खुर्चीवर चढले.

"अगं बाई, हे काय?"

"आमच्या धन्यांनी अर्धंच सांगलं, साहेब. पान्यासंगती ह्ये पन येतं घरात. आता लिवून घ्या!"