पांढरी माती

माझ्या मावशीला आम्ही चुंबकमावशी म्हणतो. माती मिसळलेलं प्लास्टिक ती प्रयोगशाळेत एनएमआर यंत्रावर तपासते. चुंबकात नमुना गरगर फिरवायचा, रेडिओलहरींनी त्यातले अणू चाळवायचे आणि ते किती वेळात शांत होतात ते मोजायचं. मातीत लोखंडाचा अंश असतो, तोच अणूंना शांत करतो. तिचे पापुद्रे सुटे होऊन प्लास्टिकभर पसरले, की अणू चटकन शांत होतात. गठ्ठे राहिले, तर वेळ लागतो.

या खेपेला फारच वेळ लागला. माती मिसळायचं यंत्र चालवतो तिचाच नवरा, म्हणजे आमचे काका.

"अहो, तुम्हाला चहात साखर तरी नीट ढवळता येते का?" ती कडाडली.

चूक आपली असेल, अशी शंका आमच्या घराण्यात कुणाला येत नाही. घरात काही दिवस भांडीच काय ती बोलत होती.

मग नमुन्याची इवलीशी नळी भरताना मावशीचा हात थांबला. पूड दुधासारखी पांढरी होती. नेहमी ती लोखंडामुळे पिवळट दिसते. ही नवी, बिनलोखंडाची माती स्वच्छ दिसते म्हणून तिनंच हौसेनं मागवली होती! मग तिनं काकांकडून जुनी पिवळी माती त्याच पद्धतीनं मिसळून घेतली आणि अणू झटक्यात गप्प झाले.

घरी येऊन ती खुर्चीत धपकन बसली. "तुमच्या मिसळण्यात काही खोट नव्हती हो. माझंच चुकलं. सुटले बाई एकदाची!"

काकांनी तिच्यापुढे चहा ठेवला, त्यात साखर टाकली आणि चमचा तिच्या हातात दिला.

"ढवळ तूच. माझा काय भरवसा!"